नकाशावरची रंगीत रेघ : शहरातली रेल्वे मोबाइलवर कशी उमटते



हट्ट्यात मेट्रो नाही, लोकल नाही. आपली रेल्वे म्हणजे पूर्णा–हिंगोली–अकोला मार्गावरचं बसमत, नाहीतर परभणी. मग इथं बसून मुंबई-पुण्याच्या मेट्रोचा नकाशा कशाला समजून घ्यायचा? कारण सरळ आहे. आपली लेकरं पुण्याला शिकायला असतात, कोणी तिकडं कामाला असतं, आणि घरात मोठं आजारपण आलं की परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते. अनोळखी शहरात उतरल्यावर हातात मोबाइल असतो आणि त्यातल्या रेघांवर आपला सगळा भरवसा असतो. म्हणून ती रेघ काय सांगते आणि काय सांगत नाही, ते आज पाहू.

आधी रेघ तयार कशी होते ते बघू. मोबाइलमधला नकाशा हा एक फोटो नसतो. जगाचा नकाशा चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेला असतो. सगळ्यात लांबून पाहिलं तर सगळं जग एकाच तुकड्यात मावतं. एक पायरी जवळ गेलं की एका तुकड्याचे चार होतात, त्या चारांचे सोळा. बाराव्या पायरीवर मुंबईच्या भागात पडद्यावरचा एक ठिपका जमिनीवरचे सुमारे ३६ मीटर व्यापतो. आता गंमत बघा. चार रुळांचा लोहमार्ग एवढा रुंदही नसतो, म्हणजे खऱ्या मापानं काढला तर तो एका ठिपक्यातच संपेल आणि आपल्याला दिसणारही नाही. म्हणून नकाशा त्याला मुद्दाम तीन-चार ठिपके जाड करतो. त्या हिशोबानं ती रेल्वे शंभर मीटरहून जास्त रुंद झाली! थोडक्यात, रेघेची लांबी आणि वळणं जमिनीशी जुळतात, जाडी जुळत नाही. जाडी फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी असते.

दुसरा प्रश्न येतो तो एकाच जागेवरून जाणाऱ्या अनेक मार्गांचा. मुंबईत वांद्र्यापासून गोरेगावपर्यंत पश्चिम मार्गाला अगदी खेटून हार्बर मार्ग धावतो. दोन्ही रेघा जागच्या जागी काढल्या तर एक दुसरीखाली झाकली जाईल. आपल्याकडं सातबाऱ्यावर गट नंबर एक असतो आणि खातेदार चार असतात, तसंच इथं समजा. रूळ म्हणजे गट आणि त्यावरून जाणारे मार्ग म्हणजे खातेदार. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशात तर नोंदही अशीच ठेवतात. रुळाची नोंद वेगळी, मार्गाची वेगळी, आणि एकच रूळ अनेक मार्गांच्या यादीत येऊ शकतो. मग चित्र काढताना या रेघा किंचित बाजूला सरकवून शेजारी-शेजारी मांडाव्या लागतात. हे सरकवणं जिथं नीट जमत नाही, तिथं आपल्याला एकच रेघ दिसते आणि दुसरा मार्ग तिथं नाहीच असं वाटतं.

आता रंगाकडं येऊ. पुण्यात पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा मार्ग जांभळा आणि वनाज ते रामवाडी हा निळसर-हिरवा. मुंबईत वर्सोवा–घाटकोपर मेट्रो निळी. हे रंग नकाशावाल्यांनी मनानं दिलेले नसतात. २००५च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून वेळापत्रकाची माहिती देण्याचा एक ठरावीक नमुना तयार केला. आता जगभर तोच वापरतात. त्यात थांबे, वेळा, रेघेचा आकार आणि मार्गाचा रंग, अशा प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा रकाना असतो. रंगाचा रकाना भरला असेल तर नकाशा तो रंग घेऊ शकतो. आकाराचा रकाना रिकामा असेल तर नकाशा दोन थांबे सरळ रेघेनं जोडून मोकळा होतो. कधी कधी रेघ खाडीवरून किंवा इमारतींच्या डोक्यावरून जाताना दिसते, ती अशी.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईची लोकल रोज ७० लाखांच्या आसपास प्रवाशांना नेते. तरी अनेक नकाशांवर ती बारीक करडी रेघ असते, आणि तिच्यापेक्षा किती तरी कमी माणसं नेणारी मेट्रो झळझळीत रंगात उठून दिसते. म्हणजे रंगावरून महत्त्व ठरवू नका. माहिती कोणी, कोणत्या नमुन्यात पुरवली, हेच बऱ्याचदा रंगावरून कळतं.

तुम्ही म्हणाल, मग लोकलच्या डब्यात दारावर लावतात तशी साधी सरळ पट्टी का देत नाहीत? तो विचारही जुना आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत विजेच्या जोडणीचे आराखडे काढणाऱ्या हॅरी बेक यांनी अंतरं बाजूला ठेवून फक्त सरळ आणि तिरक्या रेघांचा नकाशा केला. तो १९३३ साली छापला गेला आणि लोकांनी उचलून धरला. पण त्या नकाशाखाली रस्ते नव्हते. मोबाइलच्या नकाशात रेघेखाली खरे रस्ते आणि खरी घरं असतात. रेघ सरळ केली तर स्थानक भलत्याच गल्लीत जाऊन पडेल. म्हणून तिथं वळणं जशीच्या तशी ठेवावी लागतात.

आता नकाशा काय सांगत नाही ते पाहू. पहिलं म्हणजे खोली. पुण्यात जिल्हा न्यायालय स्थानकाजवळ दोन मेट्रो मार्ग एकमेकांना छेदतात. नकाशावर तो एक ठिपका असतो. प्रत्यक्षात एक मार्ग जमिनीखाली आहे आणि दुसरा खांबांवर. म्हाताऱ्या माणसाला घेऊन गाडी बदलायची तर सरकते जिने आणि लिफ्ट यांत वेळ जातो. मुंबईत ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झालेली मेट्रो ३ जवळपास सगळी भुयारातून जाते. भुयारात उपग्रहाचा संकेत नीट पोचत नाही, त्यामुळं आपण कुठं आहोत हे दाखवणारा निळा ठिपका तिथं भरकटू शकतो. तेव्हा स्थानकांची नावं ऐकत राहायची.

दुसरी गोष्ट वाटेच्या रुंदीची. मध्य मार्गावरचं परळ आणि पश्चिम मार्गावरचं प्रभादेवी ही दोन स्थानकं एकमेकांना लागून आहेत. प्रभादेवीचं नाव २०१८पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. नंतर लष्करानं तिथं नवा पूल बांधून दिला. नकाशावर मात्र अरुंद पूलही तेवढीच रेघ आणि रुंद पूलही तेवढीच. रेघ वाट दाखवते, त्या वाटेवरून किती माणसं जाऊ शकतात ते दाखवत नाही.

तिसरी गोष्ट गाडीची. रेघ एकच असली तरी धिमी लोकल सगळीकडं थांबते आणि जलद लोकल निवडक स्थानकांवरच. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं दादरला उतरलात आणि टाटा रुग्णालय गाठायचंय, तर परळसाठी मध्य मार्गाची धिमी गाडी धरायची. हे रेघ बघून कळत नाही, वेळापत्रक उघडावं लागतं.

चौथी गोष्ट तुटक रेघेची. काही नकाशांवर बांधकाम चालू असलेले मार्गही तुटक रेघेनं दाखवतात. त्या भरवशावर खोली भाड्यानं घेऊ नका. आधी तिथं गाडी धावते का, ते विचारा.

म्हणून मंडळी, निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारायचे. गाडी आज धावते का? आपल्या स्थानकावर थांबते का? स्थानकाचा कोणता दरवाजा आपल्याला जवळ पडतो? आणि गाडी बदलताना किती चालावं लागेल, किती चढावं लागेल? नकाशावर उत्तर सापडलं तर उत्तमच. नाही सापडलं तर फलाटावरच्या माणसाला विचारायला लाजू नका. आणि इथल्या कॉलेजच्या पोरांना आमचं एक सांगणं आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणालाही भर घालता येते. बसमत स्थानकाचं प्रवेशद्वार, पादचारी पूल, पाण्याची सोय, हे नीट नोंदवायला एक दुपार पुरे. मुंबई-पुण्याची रेघ दुसऱ्या कोणीतरी आपल्यासाठी काढली. आपल्या गावाकडं येणाऱ्यासाठीची रेघ आपणच काढू.