जुन्या जीपचे इंजिन आणि साखळीचा कोन

अमेरिकेतील विलीज कंपनीची जीप महिंद्रांच्या मार्फत या देशात आली त्याला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तथापि एखाद्या सरकारी कचेरीच्या लिलावातून निघालेली, तीन-चार मालकांच्या हवाली होत होत अखेर एखाद्या हौशी गृहस्थाच्या अंगणात विसावलेली जीप आजही अधूनमधून दृष्टीस पडते, आणि तिचे इंजिन कसे उतरवावे याविषयी भोवती जमलेल्या मंडळींत मतांना तोटा नसतो. त्यांतील काही मते निरुपद्रवी असतात. काही मात्र बोटे चिरडणारी.

पहिला समज असा, की हे इंजिन लहान, तेव्हा चार माणसे बांबूला बांधून ते सहज उचलतील. घनफळ 134 घनइंच, म्हणजे सुमारे 2.2 लिटर, आणि शक्ती जेमतेम 60 अश्वशक्तीची, हे खरे; पण ब्लॉक ओतीव लोखंडाचा असल्यामुळे वजन दीडशे किलोंच्या पुढे जाते. चार धडधाकट माणसांना एवढे ओझे सपाट रस्त्यावरून नेणे अशक्य नाही. अडचण आहे ती उभे राहण्याच्या जागेची. कारण एक पाय मडगार्डवर, दुसरा चासीच्या आड, आणि कंबर वाकलेली अशा अवस्थेत कोणाचीही निम्मी ताकद तोल सांभाळण्यातच खर्ची पडते. ओझ्याला झोला बसला की मग सुटकेची वाटही राहत नाही.

म्हणून चेन-पुली येते, आणि तिच्यासोबत दुसरा, अधिक घातक समज येतो : साखळी दोन ठिकाणी बांधली की प्रत्येक बाजूवर निम्मेच वजन पडते. हे तेव्हाच खरे, जेव्हा दोन्ही पदर सरळ उभे लोंबत असतील. इंजिन 200 किलोंचे धरले आणि आकड्यापाशी दोन पदरांमधील कोन 60 अंशांचा असला, तर प्रत्येक पदरावर सुमारे 115 किलोंचा ताण येतो. 90 अंशांना तो 141 होतो. 120 अंशांना प्रत्येक पदर पूर्ण 200 किलो ओढू लागतो. आणि साखळी आखूड पडली म्हणून ती ताणून 150 अंशांवर नेली, तर ताण 386 किलोंवर जातो. इंजिनाच्या वजनात तर एका तोळ्याचीही भर पडलेली नसते! शिवाय हा ताण तिरपा असल्यामुळे ज्या बोल्टांना साखळी अडकवलेली असते ते आतल्या बाजूला वाकू पाहतात. बोल्ट अर्धवट बाहेर राहिला असेल तर अधिकच. सबब लांब साखळी घ्यावी, बोल्ट वॉशरसह पुरता बसवावा, आणि मॅनिफोल्डला किंवा कार्बोरेटरला साखळी लावण्यास साफ मज्जाव करावा.

भाड्याने मिळणाऱ्या हायड्रॉलिक क्रेनवर ‘2 टन’ असे लिहिलेले असते, तेही संपूर्ण सत्य नव्हे. तो आकडा दांडा सर्वांत आखूड असतानाचा. दांडा पूर्ण बाहेर ओढल्यावर अशा क्रेनची क्षमता बहुधा अर्ध्या टनावर येते. आणि क्रेन उचलण्यासाठी असते, टांगून ठेवण्यासाठी नव्हे. सील गळू लागले की दांडा हळूहळू खाली येतो. लोंबत्या इंजिनाखाली हातही घालू नये.

आता जेथे खरोखर कौशल्य लागते त्या जागेकडे वळू. बेल हाउसिंगचे बोल्ट सुटले की इंजिन सरळ वर घ्यावे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांतून जाऊन क्रँकच्या पाठीतील बुशात टेकलेला असतो. तो पुरता मोकळा होईपर्यंत इंजिन सरळ पुढेच सरकले पाहिजे, आणि म्हणूनच रेडिएटर आधी काढावा लागतो. मध्येच वर उचलले तर सारे वजन त्या शाफ्टावर येऊन क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. उलट बाजूने, गिअरबॉक्सचे पुढचे तोंड आजवर इंजिनाच्याच आधाराने राहिलेले असते. त्याच्याखाली फळी ठेवून जॅक लावण्याची तजवीज अगोदर करावी.

एका वृद्ध मिस्त्रींना हे काम करताना मी पाहिले आहे. पुढचे फौंडेशन, म्हणजे चासीवर टेकणारी इंजिनाची बैठक, दोन बोटे उचलले गेले, तोच त्यांनी हात वर करून सर्वांना थांबवले, ताणलेल्या साखळीवर तळवा ठेवला, आणि विजेरी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली. ‘‘साहेब, ही राहिली बघा,’’ असे म्हणून त्यांनी दाखवली ती अर्थिंगची पट्टी. बॅटरीची वायर, पेट्रोलची नळी, सायलेन्सर, सारे काही सोडवणारे आम्ही तीच विसरलो होतो. पेट्रोलच्या नळीच्या तोंडाला त्यांनी बोल्ट ठोकला होता, कारण जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि मोकळी नळी थेंब थेंब गळत राहते.

इंजिन बाहेर आले म्हणजे जोखीम संपली, हा शेवटचा समज. ते फरशीवर टेकवण्याची घाई करू नये. ज्यावर ते टेकणार ते ऑइल चेंबर पत्र्याचे असते, आणि त्याला पोचा पडला तर आतला तेल ओढणारा भाग अडकतो. लाकडी चौकट आदल्या दिवशीच तयार ठेवावी.