बारा तारांची चौथी सीट

घाटकोपरला घर रिकामं करणाऱ्या एका कुटुंबाकडून मी बारा तारांची जुनी गिटार घेतली. भाव करताना तिची मान मोजावी, हे मला सुचलं नाही. मुलुंडला घरी आणून सी कॉर्ड धरली, तर निम्म्या तारा गप्प आणि उरलेल्यांचं खरखरणं. मग कॅलिपर काढला. नटपाशी, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांत बसतात तिथे, मानेची रुंदी भरली ४३ मिलिमीटर. सहा तारांच्या साध्या गिटारीची असते तेवढीच. बारा तारांच्या गिटारीला सहसा ४७-४८ मिलिमीटर देतात. माझ्या गिटारीत लोकलमधल्यासारखं तिघांच्या बाकावर चौघांना बसवलं होतं, आणि चौथ्या सीटवाल्याचं जे होतं तेच कडेच्या तारेचं होत होतं. जरा धक्का लागला की ती मानेवरून घसरून बाहेर.

“रोज दोन तास बसा, बोटं तयार होतील,” हा सल्ला मला तीन जणांनी दिला. तो मला तेव्हाही पटला नाही, आणि हिशेब मांडल्यावर तर मुळीच नाही.

या गिटारीत सहा जोड्या असतात. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली, बारीक. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या. एका सुराच्या दोन तारा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक २४६ हर्ट्झवर आणि दुसरी २४७ वर असेल, तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हणतात. तानपुऱ्याचा जोड लावताना आपण हाच हेलकावा ऐकत खुंटी पिळतो. तानपुऱ्यात तो घालवायचा असतो, इथे थोडा शिल्लक ठेवला तरी गोड लागतो. या गिटारीचं चकाकणं त्यातून आणि वरच्या सप्तकातल्या तारांतून येतं.

त्याची किंमत ताणात मोजावी लागते. हलक्या जाडीच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ७३ किलो असतो. बारा तारांच्या हलक्या संचाचा ११३ किलोच्या आसपास. तरीही बोटाला हे ११३ किलो पेलायचे नसतात. त्याला तार फक्त फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, टेकवायची असते. त्यासाठी लागणारा जोर ढोबळमानाने असा निघतो: ताणाला तारेच्या फ्रेटवरच्या उंचीने गुणायचं आणि नटपासूनच्या अंतराने भागायचं. पहिला फ्रेट नटपासून जेमतेम ३६ मिलिमीटरवर असतो. भागाकारातली संख्या लहान, म्हणून जोर मोठा. एफचा बार कॉर्ड नवशिक्यांना रडवतो तो याच जागेवर.

आता आकडे घालून बघू. पहिल्या फ्रेटवर तारा अर्धा मिलिमीटर वर असतील, तर बारा तारा आडव्या बोटाने टेकवायला सुमारे १.६ किलोचा जोर लागतो. पाव मिलिमीटर वर असतील, तर ०.८ किलो. स्वच्छ आवाजासाठी प्रत्यक्षात याहून अधिक दाबावं लागतं, पण प्रमाण तेच राहतं. सहा तारांच्या गिटारीचा नट उंच राहिला असेल, तर तिथे हाच आकडा १ किलोच्या जवळ जातो. म्हणजे नीट घासलेल्या नटची बारा तारांची गिटार ही न घासलेल्या नटच्या सहा तारांच्या गिटारीपेक्षा हलकी! पाव मिलिमीटर म्हणजे किती? झेरॉक्सचे दोन-अडीच कागद.

हे मला अंधेरीतल्या एका दुरुस्तीवाल्याने कागदपेन्सिलीशिवाय सांगितलं होतं. त्याने गिटार हातात घेतली, पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, चढवला आणि म्हणाला, “आता धरा कॉर्ड.” हात एकदम हलका झाला. कॅपो लावला की नटचं काम फ्रेट करतो. म्हणून कॅपोने गिटार एकाएकी सोपी झाली, तर दोष नटच्या उंचीत आहे असं समजावं. ही परीक्षा घरी कोणालाही घेता येते. कॅपो लावूनही पुढे वरच्या फ्रेटवर जड जात असेल, तर मानेचा बाक किंवा ब्रिजवरची सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बघायला हवी.

खाच खोल करायच्या कानशी केसाएवढ्या फरकाने वेगवेगळ्या जाडीच्या असतात. एक घसारा जास्त झाला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते. मग हाडाची भुकटी भरून वर फेव्हिक्विकचा थेंब टाकायचा आणि पुन्हा सुरुवात. माझ्या दोन खाचांचं असं झालं. त्यातली एक मी स्वतः बिघडवून त्याच्याकडे नेली होती.

उंचीनंतर राहतो प्रश्न अंतराचा. दोन्ही कडांना तीन-तीन मिलिमीटर सोडले, तर ४३ पैकी ३७ उरतात. जोडीतल्या तारा एकमेकींपासून २.३ मिलिमीटरवर ठेवल्या, तर शेजारच्या जोडीपर्यंत ४.६ मिलिमीटर मिळतात. जोडीतलं अंतर १.८ केलं, तर ५.२. बोटाच्या टोकाला हा सहा दशांश मिलिमीटर चांगलाच जाणवतो. बाक तेवढाच, पण ओळखीच्या दोघांनी जवळ सरकायचं आणि अनोळखी माणसाला जागा करून द्यायची. फार जवळ आणल्या तर जोरात छेडल्यावर जोडीतल्या तारा एकमेकींवर आपटतात, ही त्याची मर्यादा. अरुंद मान म्हणजे टाकाऊ मान, असं मात्र नाही. १९६४ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने गाजवलेल्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारीची मान तर ४१-४२ मिलिमीटरचीच असते.

फुकटातला उपाय खुंट्यांत आहे. सगळ्या तारा एक पूर्ण सूर खाली उतरवायच्या आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावायचा. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कंपनसंख्या ११ टक्क्यांनी घटली की ताण जवळजवळ २१ टक्क्यांनी कमी होतो. ११३ किलोचे ९० होतात, ब्रिज उखडण्याची भीती कमी होते आणि कॅपोमुळे मूळचे सूर परत मिळतात. अमेरिकन लोकगायक लेडबेली आपली बारा तारांची गिटार याहूनही बरीच खाली उतरवून वाजवत असे.

सूर उतरवल्याने आणखी एका तारेचा जीव वाचतो. तिसऱ्या जोडीतली बारीक जी तार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची असते आणि ३९२ हर्ट्झवर ताणलेली असते. सगळ्यांत आधी तीच तुटते, बहुतेकदा सूर लावतानाच, तोंडाजवळ. सहज वाटतं की थोडी जाड तार घालावी. त्याने काही होत नाही. तार जाड केली की ती जड होते, तोच सूर काढायला तेवढाच जास्त ताण द्यावा लागतो, आणि छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर येणारा भार होता तिथेच राहतो. तो भार पोलादाची घनता, तारेची लांबी आणि सूर एवढ्यांवरच ठरतो. ६४८ मिलिमीटर लांबीवर तो चौरस मिलिमीटरला २०० किलोंच्या वर जातो. एक सूर उतरवला की १६५ च्या आत येतो.

लांबी कमी केली तर काय होतं, ते गोव्यात दिसतं. सोनिया शिरसाट फादो गातात तेव्हा साथीला असते ती पोर्तुगीज गिटारही बारा तारांची, सहा जोड्यांची. पण लिस्बन घडणीत तिच्या तारेची लांबी ४४ सेंटिमीटरच. तिची सगळ्यांत उंच तार ४९४ हर्ट्झवर असते, म्हणजे माझ्या तुटक्या जी तारेपेक्षा दोन सूर वर. तरी तिच्यावरचा भार चतुर्थांशाहून अधिक कमी भरतो.

मिरजेच्या कारागिरांची वाट निराळी. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ज्यांच्या हातांमुळे, त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तरफा धरून सतारीवर अठरा-वीस तारा असतात, पण बोट बहुतेक वेळ दाबतं ती एक बाजाची तार. तरफा पडद्यांखालून जातात आणि आपला सूर ऐकू आला की अनुनादाने आपोआप बोलतात. गिटारीने भरदारपणासाठी सगळ्या तारा बोटाखाली आणल्या, सतारीने त्या बोटापासून दूर नेल्या. नुसत्या अभियांत्रिकीच्या नजरेने बघितलं, तर मला सतारवाल्यांचा विचार अधिक शहाणा वाटतो.

आपल्याकडे यात पावसाळाही असतो. जुलैत सांताक्रूझच्या वेधशाळेत आर्द्रता सहसा ८० टक्क्यांच्या वर असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. गिटारीच्या पातळ पाटीला आतून आडव्यातिडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या तिच्याबरोबर फुगत नाहीत, म्हणून पाटी वर फुगते, ब्रिज उचलला जातो आणि तारा मानेपासून दूर जातात. अशा वेळी घाईने सॅडल घासणारे डिसेंबरात पस्तावतात, कारण पाटी खाली बसते आणि तारा प्रत्येक फ्रेटवर खरखरू लागतात. अंधेरीवाल्याने माझी सॅडल ऑगस्टमध्ये घासायला साफ नकार दिला. नट मात्र करून दिला, कारण पाटीच्या फुगण्याचा पहिल्या फ्रेटवर फारसा परिणाम होत नाही.

कडेची तार तरीही अधूनमधून घसरतच होती. शेवटी मी पहिल्या जोडीतली बाहेरची तार काढूनच टाकली. जोडीत दोन्ही सारख्याच सुराच्या असल्याने रंग फारसा गेला नाही, फक्त वरचा सूर किंचित दबला, आणि राहिलेल्या तारेला कडेपाशी जवळपास पाच मिलिमीटर जागा मिळाली. आता गिटारीला अकरा तारा आहेत, एक सूर उतरवलेल्या. कॅपो लागत नाही तेव्हा तो रिकाम्या खुंटीशेजारी चिमटून ठेवतो.