पहिले साठ फूट

गेल्या पावसाळ्यात आम्ही शाळेची मुलं घेऊन स्पर्धेहून परत येत होतो, आणि वाटेत जीप चिखलात रुतली. ड्रायव्हरकाका रेसवर रेस देत होते. मागची चाकं मात्र जागच्या जागी गरगर फिरत होती आणि ढकलणाऱ्यांच्या अंगावर चिखलाचा नुसता सडा! तेवढ्यात बांधावरून एक आजोबा आले. म्हणाले, "आरं, रेस कमी कर. दुसऱ्यात टाक अन् क्लच हळू सोड." त्यांनी चाकाखाली गोणपाट सारलं आणि जीप निघाली की हो!

त्या आजोबांनी जे सांगितलं, त्याच्यावरच मोटारींची एक अख्खी शर्यत जिंकली किंवा हरली जाते. तिचं नाव ड्रॅग रेस.

ही शर्यत मूळची अमेरिकेतली. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर धावतात. तिकडची तरुण मुलं पूर्वी रस्त्यावरच अशा शर्यती लावायची आणि जिवाला मुकायची. ती रस्त्यावरून उठून बंदिस्त धावपट्टीवर, नियमांत यावीत म्हणून वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत.

आता गंमत बघा. साधी, हाताने गिअर बदलायची गाडी हे अंतर समजा 14 सेकंदांत कापते. त्यांतले दोनेक सेकंद पहिल्या 60 फुटांतच जातात! तिथे वाचवलेला दशांश सेकंद शेवटपर्यंत टिकतो, बहुधा थोडा वाढतोच. म्हणून खरी परीक्षा सुटण्याची.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि क्लच फाडकन सोडायचा! करून पाहिलंत, तर त्या जीपसारखंच होईल. चाकं फिरतील, धूर निघेल आणि शेजारचा पुढे जाईल.

असं का होतं? वर्गातलं जड बाक ढकलून पाहा. ते हलेपर्यंत खूप जोर लावावा लागतो. एकदा सरकू लागलं, की कमी जोर पुरतो. म्हणजे घसरणाऱ्या वस्तूचं घर्षण न घसरणाऱ्या वस्तूपेक्षा कमी असतं. टायरचंही तसंच. तो रस्त्याला धरून आहे तोवर गाडीला पुढे ढकलतो. जोरात घसरू लागला, की पकड सुटलीच. (अगदी किंचित घसरण चालते, उलट फायद्याची ठरते. पण ती "किंचित" सांभाळणं हीच तर कला!)

बरं, भीतीने रेस कमी ठेवली तर? इंजिन गचके खातं, कधी बंदच पडतं. म्हणून चालक पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून इंजिन एका ठरावीक वेगावर धरून ठेवतो. मग क्लच पकडू लागतो त्या जागेपर्यंत पाय आणतो, तिथे क्षणभर त्याला थोडा घसरू देतो आणि पाय सोडता सोडता दुसऱ्या पायाने रेस वाढवत नेतो. इंजिनाचा वेग किती ठेवायचा, ते प्रत्येक गाडीचं वेगळं. एस.टी. सुरू होताना आपण मागे झुकतो ना? तसा गाडीचाही भार मागच्या चाकांवर जातो. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीला त्याने पकड मिळते. पुढची चाकं ओढणारी असेल तर मात्र पुढचा भार हलका होतो, म्हणून तिथे पाय आणखी जपून. क्लच मात्र या खेळात झिजतो, आणि त्याचा जळका वास सगळ्यांना कळतो!

आता एक गणित. सुरुवातीला दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याआधी निघालात तर लाल दिवा लागतो, म्हणजे बाद. अंतराचं घड्याळ मात्र गाडी रेषा सोडते तेव्हाच सुरू होतं. 'अ' हिरव्यानंतर 0.1 सेकंदाने निघाला आणि त्याला 14.0 सेकंद लागले. 'ब' 0.4 सेकंदाने निघाला आणि त्याला 13.8 लागले. कोण जिंकलं? बेरीज करून पाहा. हळू गाडी जिंकली!

प्रत्येक धावेनंतर चालकाला वेळांची चिठ्ठी मिळते. हुशार चालक ती वहीत चिकटवतो आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलतो. इंजिनाचा वेग थोडा कमी, किंवा टायरची हवा थोडी कमी. दोन्ही एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळणार कसं? आमची पाचवीतली मुलं बियाणं रुजवण्याच्या प्रयोगात नेमकी हीच चूक करतात. पाणीही बदलतात आणि मातीही!

चिठ्ठी हातात आली, की त्याची नजर आधी शेवटच्या आकड्यावर जात नाही. ती साठ फुटांच्या आकड्यावर जाते. तिथे 2.3 चे 2.2 झालेले दिसले, की स्वारी खूश होऊन पुन्हा रांगेत जाऊन उभी राहते.