आकड्यापुढची चांदणी

जालन्यात क्रिकेटचा विषय निघाला, की विजय झोल हे नाव येतंच. २०११ मध्ये कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध त्यानं नाबाद ४५१ धावा केल्या. २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. आता मोबाइलवर त्याचं नाव शोधा आणि आकड्यांचा तक्ता उघडा. प्रथम श्रेणीच्या ओळीत हे ४५१ दिसणार नाहीत. मग ते गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत. प्रथम श्रेणीच्या ओळीत रणजी, दुलीप करंडक अशा वरिष्ठ गटाच्या सामन्यांचीच नोंद होते. वयोगटातल्या धावांची वही वेगळी. म्हणून तक्ता उघडल्यावर आधी पाहावं, ही ओळ कोणत्या क्रिकेटची आहे? कसोटी, एकदिवसीय, टी-ट्वेंटी की प्रथम श्रेणी? एका ओळीतला आकडा दुसरीतल्या आकड्याशी ताडून पाहिला, तर बाजरी आणि कापूस एकाच मापानं मोजल्यासारखं होतं.

मग येते सरासरी. इथे बहुतेकांची गफलत होते. एकूण धावांना डावांनी भागायचं नसतं. फलंदाज जितक्या वेळा बाद झाला, त्या संख्येनं भागायचं असतं. समजा, दोघांनी दहा-दहा डावांत २४० धावा केल्या. एक दहाही वेळा बाद झाला. त्याची सरासरी २४. दुसरा चार वेळा नाबाद राहिला; त्याची सरासरी ४०. धावा तितक्याच, डावही तितकेच! डॉन ब्रॅडमन ८० कसोटी डावांत १० वेळा नाबाद होते. ६९९६ धावांना ७० नं भागा, ती सुप्रसिद्ध ९९.९४ हाती येईल. १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात ते शून्यावर बाद झाले. चार धावा झाल्या असत्या, तर सरासरी बरोबर शंभर झाली असती.

बेसबॉलमध्ये सरासरीचा अर्थच निराळा. तिथे यशस्वी फटक्यांना फलंदाजीच्या अधिकृत संधींनी भागतात. ०.३०० म्हणजे दहा संधींत तीन फटके, आणि एवढ्यावर तो फलंदाज चांगला ठरतो! सांगायचं इतकंच, की सरासरी हा शब्द वाचला, की कशाला कशानं भागलं, हे आधी विचारावं.

आता आकड्यापुढची ती छोटी चांदणी. ती म्हणजे नाबाद. कवितेत विरामचिन्ह जे काम करतं, तेच धावफलकात ही चांदणी करते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा तेव्हाचा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. रणजी स्पर्धेतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. पण निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. तक्त्यात फक्त ४४३ आणि पुढे चांदणी. खेळी कुणामुळे थांबली, हे तिथे लिहिलेलं नसतं. ते कळण्यासाठी त्या सामन्याची हकिगत वाचावी लागते.

हे सगळं हौशी प्रेक्षकानं कशाला समजून घ्यायचं? कारण अंबड, परतूर, भोकरदनच्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांनाही आपण याच मापानं तोलतो. ‘त्याची सरासरी किती?’ असा एक प्रश्न टाकतो आणि मोकळे होतो. डाव किती मिळाले, कितव्या क्रमांकावर खेळला, खेळपट्टी कशी होती, हे विचारतच नाही. तीन डावांची सरासरी आणि तीस डावांची सरासरी यांचं वजन एक नसतं. आकडा खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय पुरतं बोलतही नाही. तेव्हा एखाद्या पोराला नापास ठरवण्यापूर्वी त्याची पूर्ण ओळ वाचावी.