मन वारंवार कां खचतें ?

बहुतेक मोठ्या कुटुंबांत एखादें माणूस महिन्या-दोन महिन्यांनीं खिन्न होऊन बसतें. कधीं ती घरची थोरली सून असते, कधीं परीक्षेस बसलेला मुलगा, तर कधीं नुकतेच पेन्शन घेतलेले गृहस्थ. चार दिवस जेवणावर वासना नसते, बोलणें नको होतें, काम उरकत नाहीं. पुढें आपोआप बरें वाटतें आणि कांहीं आठवड्यांनीं तोच प्रकार पुन्हां सुरू होतो. घरचीं माणसें "स्वभावच तसा !" असा निकाल देऊन मोकळीं होतात. या निकालाविरुद्ध आमची तक्रार आहे. स्वभाव म्हटला कीं चौकशी संपली. आणि या खिन्नतेचीं पुष्कळशीं कारणें तर साध्या चौकशीनेंच सांपडण्यासारखीं असतात.

प्रथम शरीराकडे पाहूं. रक्तांत लोह कमी पडलें म्हणजे थकवा येतो, धाप लागते, चिडचिड वाढते व कशांतच मन रमत नाहीं. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. सर्वांस वाढून झाल्यावर उरलेंसुरलें खाणारी गृहिणी ज्या घरांत आहे, त्या घरास हा आंकडा परका वाटूं नये. जेवणाबरोबर घेतलेल्या चहानें अन्नांतील लोह अंगीं लागण्यास अडथळा होतो. पानांतील लिंबाच्या फोडीनें उलट मदतच होते.

शाकाहारी घरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलेलें ब-१२ हें जीवनसत्त्व धान्य, डाळी व भाज्या यांतून मिळत नाहीं. मांसमत्स्य व अंडीं वर्ज्य असतील, तर तें मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळावयाचें. दूध मुलांस, दही पाहुण्यांस आणि चहापुरतें दूध आईस अशी जेथें वांटणी, तेथें तिच्या वांट्यास तें कितीसें येणार ? त्याच्या उणिवेनें हातापायांस मुंग्या येतात, विस्मरण होतें व मनही खचतें. मधुमेहासाठीं वर्षानुवर्षें मेटफॉर्मिन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांतही ही उणीव आढळते. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि मंदावली, तरीही थकवा, थंडी न सोसणें, वजन वाढणें व खिन्नता हीं एकत्र येतात. या तिन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणींत कळतात.

दुसरें कारण झोप व उजेड. संध्याकाळच्या चहा-कॉफींतील कॅफीनचा जवळजवळ निम्मा भाग पांच तासांनींही अंगांत शिल्लक असतो. त्यांत अंथरुणावर मोबाइल हातीं असला, म्हणजे मध्यरात्र सहज उलटते. आणि अपुऱ्या झोपेनंतर क्षुल्लक गोष्टही मनास लागते. पूर्वीं तुळशीस पाणी घालणें, अंगणांत वाळवण घालणें अशा निमित्तांनीं सकाळचें ऊन आपोआप मिळे. आज तिसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघरांत दिव्याखालीं सारा दिवस जातो. सकाळच्या उजेडानें शरीराचें घड्याळ नीट चालतें व रात्रीं झोपही वेळेवर येते. अर्धा तास बाहेर फिरून येणें ही चैन नव्हे, हें घरांतील वडील मंडळींनींच ठरवून टाकावें.

तिसरें कारण कोणत्याही तपासणींत दिसत नाहीं. बारा माणसांच्या घरांतही मनांतलें बोलावें असें एकही माणूस नसतें. सुनेचें काम रोज नव्यानें सुरू होतें. तें झालें तर कोणी पाहात नाहीं, राहिलें तर सर्वांस दिसतें. मुलाचे गुण चुलतभावाच्या गुणांशीं ताडून पाहिले जातात. पेन्शनर गृहस्थांस सकाळीं दहा वाजतां जाण्यास ठिकाण उरत नाहीं. अशा माणसांस उपदेशापेक्षां ऐकणारा कान अधिक उपयोगीं पडतो.

आमची सूचना एवढीच, कीं महिनाभर एक लहानशी वही ठेवावी. झोप किती, जेवण काय, बाहेर जाणें किती, मन कसें, एवढेंच रोज टिपावें. स्त्रियांनीं मासिक पाळीचे दिवसही मांडावे. खिन्नता दर वेळीं पाळीच्या आधीं येते, जागरणांनंतर येते, कीं घरांतील वादानंतर, हें अशा टिपणांतून पुष्कळदां उमगतें.

मात्र खिन्नता सतत दोन आठवडे टिकली, आवडत्या गोष्टींतही रस उरला नाहीं, बाळंतिणीचें रडें पंधरवड्यापुढें गेलें, किंवा मरणाचे विचार येऊं लागले, तर तें आजारपण समजावें व डॉक्टरांकडे जावें. मरणाच्या विचारांत तर एक दिवसही दवडूं नये. यावर औषधें व समुपदेशन हे दोन्ही उपाय आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे.

पुढल्या खेपेस घरांतील कोणी असें खिन्न दिसलें, तर "तुला काय कमी आहे ?" हा प्रश्न टोमणा म्हणून न विचारतां खरोखरीचा प्रश्न म्हणून विचारावा. झोप कमी आहे, दूध कमी आहे, ऊन कमी आहे, कीं ऐकणारें माणूस कमी आहे, याचें उत्तर पुष्कळदां घरांतच मिळेल.