माहितीही गाळून घ्यावी

गोरेगाव स्थानकाबाहेरच्या बाजारपेठेत भाजीच्या टोपलीपासून सराफाच्या पेढीपर्यंत सर्वत्र आज क्यूआर कोडची काळी-पांढरी चौकट दिसते. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी ती तयार केली. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर ती आपल्याही गल्ल्यापाशी येऊन बसली. सोलापूर जिल्ह्यातील एका लहानशा गावात मात्र याच चौकटीने वेगळे कार्य केले आणि त्यातून आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयी बरेच शिकता येते.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. विद्यार्थ्यांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकाची भाषा त्यांना परकी होती. डिसले गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले. मग त्यांनी पहिली ते चौथीची पुस्तके मुलांना समजतील अशी नव्याने मांडली आणि त्यांत कविता, गोष्टी व पाठ यांचे क्यूआर कोड घातले. पुढे महाराष्ट्राने व ‘एनसीईआरटी’नेही पाठ्यपुस्तकांत असे कोड आणले. डिसेंबर २०२० मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या कार्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी मूल, मग त्याची भाषा आणि शेवटी यंत्र. शहरात आपण नेमका उलटा क्रम लावला आहे. मुलाच्या हाती यंत्र आधी आले. ते कशासाठी व कसे वापरावे, हे सांगणारे मात्र कोणी नाही. दहा वर्षांचा नातू आजोबांना क्षणात ॲप उघडून देतो, म्हणून तो डिजिटल साक्षर झाला असे आपण मानतो. बँकेत अनेक वर्षे काम केलेल्या माणसाला हे पटत नाही. धनादेश लिहिता येणे वेगळे आणि त्यावरील सही पारखता येणे वेगळे. आपल्या पूर्वजांनी ओळख पटल्याशिवाय हुंडी सकारली नाही आणि रोजमेळ जुळल्याशिवाय पेढी बंद केली नाही. ती पारख म्हणजेच साक्षरता होय.

ही पारख शाळेत शिकवता येते. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे सहावीच्या मुलालाही कळते. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो की नाही, हे त्याला पाहता येते. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सूचना द्यावी, हे त्याने घरी सांगावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाची जबाबदारी ठरवताना त्याने किती लवकर कळवले, याला मोठे महत्त्व आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेले उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहणे, हाही याच शिक्षणाचा भाग आहे.

परंतु शिक्षकाला जे ठाऊक नाही, ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणार कसे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण अपेक्षित आहे. २०१७ पासून ‘दीक्षा’ या शासकीय मंचावर अध्यापनाचे साहित्य विनामूल्य मिळते. तरीही प्रशिक्षण अनेकदा हजेरीपुरते उरते. फळ्यावर चाळीस वर्षे शिकवलेल्या बाईंना ‘हे बटण दाबा’ एवढे सांगून भागत नाही. त्यांच्या शंका ऐकणारा, शेजारी बसून पुन्हा पुन्हा दाखवणारा माणूस हवा.

असा माणूस आपल्या समाजात आहे. दर जूनमध्ये आपली मंडळे वह्या-पुस्तके वाटतात, शिष्यवृत्त्या देतात. त्याच्या जोडीला यंदा वेळेचेही दान द्यावे. गोरेगावच्या पूर्व-पश्चिम दोन्ही भागांत महापालिकेच्या व विश्वस्त संस्थांच्या शाळा आहेत. निवृत्त बँक अधिकारी, सनदी लेखापाल आणि दुकानाचे सारे व्यवहार संगणकावर पाहणाऱ्या आपल्या सुना-मुली यांनी मुख्याध्यापकांच्या संमतीने महिन्यातून दोन शनिवार तेथे द्यावेत. प्रथम शिक्षकांसोबत बसावे, नंतर विद्यार्थ्यांसोबत. जुने संगणक देणे सोपे असते. देणाऱ्याने सोबत स्वतःही जावे.

याच गोरेगावात मृणालताई गोरे पाण्यासाठी झगडल्या आणि ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. आज माहितीचा नळ घरोघरी अहोरात्र वाहतो आहे. पाणी गाळून पिण्याचा संस्कार आपल्या घरांना नवा नाही. तोच संस्कार माहितीलाही लावावा आणि त्याचा प्रारंभ शाळेतून व्हावा, एवढीच वाचकांना विनंती.