छत्तीसपैकी किती?

एक साधा प्रश्न. महाराष्ट्रातले किती जिल्हे तुम्ही पाहिलेत?

हॉस्टेलवर हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. "असतील वीस-पंचवीस!" आता त्याच माणसाच्या हातात कागद-पेन द्या आणि नावं लिहायला सांगा. पहिली आठ-दहा नावं भराभर येतात, मग पेन थांबतं. "वाशिम... तिथून गाडी गेली होती बहुतेक." "जालना लागतं ना मध्ये?" आकडा झपकन खाली येतो. आणि मग खरा वाद सुरू होतो : "गाडीतून गेलो, ते धरायचं की नाही?"

हा खेळ आपण काढलेला नाही. अमेरिकेत तो फार जुना. तिथे ५० राज्यं आहेत आणि सगळी पालथी घालायची, असा पण करणारे पुष्कळ. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा नाद लागतो. मुलांच्या खोलीत नकाशा टांगायचा, राज्य झालं की रंगवायचं, फ्रीजवर त्या राज्याचं चुंबक चिकटवायचं. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत अमेरिकन टांकसाळीने दरवर्षी पाच याप्रमाणे प्रत्येक राज्याचं वेगळं पाव डॉलरचं नाणं काढलं, तेव्हा तर या नादाला खतपाणीच मिळालं. वाद मात्र तिकडेही तेच. विमान बदलायला दोन तास विमानतळावर बसलो, ते राज्य धरायचं का? युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्यं एका बिंदूत मिळतात. तिथे हातपाय टेकून ओणवं झालं की एका फोटोत चार राज्यं. ती चारही झाली म्हणायची का?

आपल्याला ५० राज्यं सध्या परवडणारी नाहीत. पण ३६ जिल्हे? लाल एसटीने, रेल्वेच्या जनरल डब्याने आणि मित्रांच्या घरच्या जेवणावर हे जमण्यासारखं आहे. फक्त त्याआधी हिशोब कसा ठेवायचा ते नीट ठरवायला हवं. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर रीडिंग घेण्याआधी ऑब्झर्व्हेशन टेबल आखायला हवं!

अडचण पहिली : आकडाच हलतो

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे होते २६. मग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना निघाला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली. १९९० मध्ये मुंबईची दोन झाली, शहर आणि उपनगर. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार आणि अकोल्यातून वाशिम. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. शेवटी १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर. म्हणून २०११ च्या जनगणनेत ३५ जिल्हे दिसतात आणि आज ३६. नावंही बदलली. कुलाब्याचा रायगड झाला, २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. आपल्या दारातल्या मुंबई-गोवा हायवेचंसुद्धा तेच. तो १७ नंबरचा होता, २०१० च्या नव्या क्रमांकांत ६६ झाला. जुनी माणसं अजून 'सतरा नंबर'च म्हणतात.

आता समजा, कुणाच्या आजोबांनी १९७५ साली डायरीत लिहिलं, "रत्नागिरी जिल्हा पाहिला." ते मालवणला गेले होते की दापोलीला? मालवण असेल तर आजच्या हिशोबात तो सिंधुदुर्ग. पण डायरीत गावाचं नावच नाही, त्यामुळे ती नोंद आता निरुपयोगी. तेच त्यांनी "मालवण, दोन दिवस मुक्काम" एवढं लिहिलं असतं, तर जिल्हे कितीही वेळा फोडले तरी नोंद खरीच राहिली असती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. आपण प्रॅक्टिकलमध्ये आधी मोजलेलं रीडिंग लिहितो आणि रिझल्ट नंतर काढतो. प्रवासाचंही तसंच. गाव आणि तारीख हे रीडिंग. 'किती जिल्हे' हा त्यावरून काढलेला रिझल्ट. रीडिंग जपलं तर रिझल्ट पुन्हा कधीही काढता येतो. नुसता रिझल्ट जपला तर रीडिंग परत मिळत नाही.

अडचण दुसरी : एकाच नावाची गावं

नुसतं गावाचं नाव लिहूनही भागत नाही. 'खेड' लिहिलंत, तर कुठलं? आपलं लोटे ज्या तालुक्यात येतं ते खेड, की पुणे जिल्ह्यातलं खेड, म्हणजे राजगुरुनगर? आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर जिल्ह्यातलं मलकापूर लागतं. कराडजवळ दुसरं मलकापूर आहे आणि तिसरं बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वे स्टेशनचं. कारंजा वाशिम जिल्ह्यात आहे (लाड) आणि वर्धा जिल्ह्यातही आहे (घाडगे). तेव्हा गावापुढे तालुका लिहायचाच. ज्यांना आणखी पक्कं काम हवं असेल त्यांनी मोबाईलवरून अक्षांश-रेखांश टिपून ठेवावेत. लोटे साधारण १७.६ अंश उत्तर, ७३.५ अंश पूर्व. सरकारने उद्या कुठलाही जिल्हा फोडला तरी हे आकडे जागचे हलणार नाहीत.

अडचण तिसरी : 'गेलो' म्हणजे काय?

आता मूळ भांडणाकडे येऊ. मुंबईहून रात्री कोकणकन्या पकडा आणि गोव्याला उतरा. वाटेत मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे मागे पडतात. वरच्या बर्थवर घोरत पडलेल्या माणसाचे सहा जिल्हे झाले का?

यावर जपानी लोकांनी छान तोडगा काढलाय. त्यांच्याकडे ४७ प्रांत आहेत आणि तिथे 'हो-नाही' असा हिशोब न ठेवता गुण द्यायची पद्धत आहे. जिथे राहिलात त्या प्रांताला ५, रात्रीचा मुक्काम केला तर ४, फिरून पाहिलं तर ३, नुसते उतरलात तर २, गाडीतून पार झालात तर १ आणि अजिबात गेला नसाल तर ०. पैकीच्या पैकी गुण ४७ गुणिले ५, म्हणजे २३५. या पद्धतीच्या नावात गंमतही आहे. जपानीत 'केइकेन' म्हणजे अनुभव आणि 'केन' म्हणजे प्रांत, त्यावरचा हा शब्दखेळ.

आपण हीच पद्धत ३६ जिल्ह्यांना लावली तर एकूण गुण १८०. कोकणकन्येतल्या झोपाळू भाऊंना सहा गुण मिळतील, त्याहून जास्त नाही. भांडण मिटलं!

पण खरंच मिटलं का? आपलंच उदाहरण घ्या. हायवेवरून रोज हजारो माणसं लोट्यावरून जातात. त्यांना लोटे म्हणजे एमआयडीसीची पाटी, कारखान्यांच्या चिमण्या, फार तर एक चहाची टपरी. पुढे परशुराम घाट, चिपळूण, की लोटे संपलं. आपण इथे चार-चार वर्षं काढतो. जूनमध्ये कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, शिफ्ट सुटली की रस्त्यावर एकदम गर्दी होते, परशुरामाच्या देवळाकडून धुक्यात बुडालेली वाशिष्ठीची खाडी दिसते, हे आपल्याला ठाऊक आहे. जाणाऱ्याला ते कुठून कळणार? तो म्हणाला, "लोटे पाहिलंय मी," तर आपण मनात हसतो. मग आपण वाशिमला ज्या खिडकीतून पाहिलं, तिथला माणूस आपल्याला काय म्हणत असेल? म्हणून माझं मत असं की १ हा गुण जरूर लिहावा, पण 'पाहिलं' हा शब्द ३ च्या खाली वापरू नये.

रस्ता कसा आखायचा?

रत्नागिरीला शेजारी पाच : रायगड, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग. कुंभार्ली घाट चढला की सातारा, आंबा घाट चढला की कोल्हापूर. सांगलीची हद्द मात्र चांदोलीच्या जंगलात आपल्याला भिडते. नकाशावर शेजार, पण जायचं कराडवरून वळसा घालून. म्हणजे नकाशावरचा शेजार वेगळा आणि एसटीचा शेजार वेगळा. ग्राफ थिअरी शिकलेल्यांनी ओळखलंच असेल!

छत्तीसही जिल्हे एकाच फेरीत, सगळ्यात कमी अंतरात करायचे म्हटलं, तर तो प्रसिद्ध ट्रॅव्हलिंग सेल्समनचा प्रश्न होतो. छत्तीस ठिकाणांच्या वेगवेगळ्या फेऱ्या होतात सुमारे ५ वर ३९ शून्यं इतक्या. एकेक तपासत बसलात तर डिग्री सोडा, जन्म पुरणार नाही. सुदैवाने आपल्याला एकाच फेरीत काही करायचं नाहीये. इंडस्ट्रियल व्हिजिट, युथ फेस्टिव्हल, मॅचेस, मित्राच्या बहिणीचं लग्न, कॅम्पस इंटरव्ह्यू या निमित्तांनी जिल्हे आपसूक होत जातात. मुंबई विद्यापीठाच्या हद्दीतच कोकणचे सातही जिल्हे आहेत. आणि सुट्टीत सलग फिरायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास आहेच.

वही कशी ठेवायची?

साध्या वहीत किंवा मोबाईलच्या एक्सेल शीटमध्ये सात रकाने पुरतात : तारीख, गाव, तालुका, कशाने गेलो, किती वेळ थांबलो, काय पाहिलं, कोण भेटलं. जिल्ह्याचा रकाना हवा तर आठवा ठेवा, पण तो पेन्सिलने! तिकिटं जपून ठेवू म्हणाल तर हल्लीच्या मशीनची तिकिटं थर्मल कागदावरची असतात, उष्णतेने आणि काळाने अक्षरं उडतात. दोन वर्षांनी हातात नुसता पांढरा कागद राहतो. शिवाय कोकणच्या पावसाळ्यात वहीला बुरशी धरते ती वेगळीच. तेव्हा त्याच रात्री लिहा आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा.

'त्याच रात्री' यावर एवढा जोर का? पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' आपण सगळे नावाने तरी ओळखतो. पण ते त्यांनी परतल्यावर अनेक वर्षांनी आठवून लिहिलं आणि छापून आलं १९०७ मध्ये. गोडसे भटजींची आठवण दांडगी होती म्हणून आपल्याला झाशी दिसली. आपल्याला गेल्या सेमिस्टरचा सिलॅबस आठवत नाही! दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्या १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे अडीच-पावणेतीन वर्षं हिंडल्या आणि परत आल्या त्याच साली, म्हणजे १८८९ मध्ये, त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक छापून आलं. त्यात भर आहे तो तिथला राज्यकारभार कसा चालतो, शाळा कशा आहेत, बायकांची स्थिती काय आहे यावर. आपल्या वहीतला 'काय पाहिलं' हा रकाना असा भरला पाहिजे.

रिकामे रकाने

आता या सगळ्या उद्योगाचा फायदा काय? आकडा फुगवून मिरवायला तो नाहीच. सहा विभागांप्रमाणे यादी लिहा : कोकण ७, पुणे ५, नाशिक ५, छत्रपती संभाजीनगर ८, अमरावती ५, नागपूर ६. मग गुण भरा. इकडच्या बहुतेकांचं कोकण आणि पुणे भरलेलं दिसेल आणि खाली शून्यांची रांग लागेल. हिंगोली, वाशिम, गोंदिया, गडचिरोली. तिथे पाहण्यासारखं नाही म्हणून हे झालंय का? हिंगोलीत औंढा नागनाथ आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. बुलढाण्यात उल्केच्या आघाताने झालेलं लोणारचं सरोवर आहे. गडचिरोलीत मार्कंड्याची देवळं आहेत, सिरोंच्याकडे डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडतात आणि १९७३ पासून हेमलकशाचं काम चालू आहे. आपण तिकडे गेलो नाही, कारण आपलं तिकडे कुणी नाही. एवढंच खरं कारण.

आणि इथेच हॉस्टेलचा फायदा आहे. मेसच्या टेबलावर एकदा नजर फिरवा. कोकणी, घाटावरची, मराठवाड्याची, विदर्भाची पोरं एकाच पातळ वरणावर टीका करत बसलेली असतात. यातल्या कुणाच्याही घरी दोन रात्री राहिलं की त्या जिल्ह्याचे ४ गुण पक्के, शिवाय 'कोण भेटलं' हा रकाना भरायला जागा पुरत नाही. चार वर्षांत आपण सगळे पुण्या-मुंबईच्या मित्रांकडे जाऊन येतो. लांबच्या जिल्ह्यातून आलेल्या मुलाला मात्र "तुझ्या गावाला येऊ का रे?" असं विचारणारे थोडे. विचारून बघा, त्याचा चेहरा कसा होतो ते!

तेवढी रजा नसेल तर घरापासून सुरुवात करा. आपल्या रत्नागिरीला आपण सगळेच डोळे मिटून ५ गुण देऊ. पण या जिल्ह्यात तालुके नऊ : मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. त्यातल्या किती तालुक्यांना ३ गुण देता येतील? सबमिशन संपल्यावरचा पहिला रविवार, सकाळची पहिली एसटी आणि कोरी वही. शून्य कुठलं आधी पुसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.